जाहिराती करणारा दिग्दर्शक गंभीर सिनेमा करू शकतो का?

हो, नक्कीच करू शकतो, आणि श्याम बेनेगल हे त्याचं सर्वांत ठोस उदाहरण. १९५९ मध्ये ते मुंबईत लिंटास या जाहिरात संस्थेत कॉपीरायटर म्हणून लागले. 'अंकुर' (१९७४) हा पहिला कथापट येईपर्यंत त्यांनी जाहिरातपट आणि माहितीपट मिळून नऊशेच्या वर छोटे चित्रपट केले होते. मुलाखतींमध्ये ते स्वतः या काळाबद्दल बोलत असत. 'अंकुर'ची गोष्ट कॉलेजात असतानाच सुचली होती, पण पैसे लावायला बरीच वर्षं कुणी तयार होईना. शेवटी पैसे घातले ते ब्लेझने, म्हणजे थिएटरांत जाहिरातपट पोचवणाऱ्या कंपनीने! 'मंथन'चंही (१९७६) तसंच. दुग्धविकासावर माहितीपट करता करता तो विषय पुढे आला, आणि गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन चित्रपट उभा केला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तिथे जाहिरातीतली नुसती कारागिरी नाही, तर त्या कामातून जोडलेली माणसं उपयोगी पडली.

मात्र जाहिरात सगळं शिकवत नाही. थोडक्या वेळात नेमकं दाखवायची शिस्त, कॅमेऱ्यावर हात बसणं, वेळ-पैशाचा हिशेब एवढं तिथे मिळतं. बेनेगलांच्याच 'भूमिका'मध्ये (१९७७) एका बाईचं अख्खं आयुष्य उलगडतं, त्यासाठी अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'सारखं अस्सल आत्मकथन हाताशी असावं लागतं.