ओ पेअर म्हणून जर्मनीला पाठवावं का?

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची आहे. यंदा बी.ए. झाली. जर्मनचा क्लास लावून तिने पुण्यात ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षाही दिली. आता म्युनिकजवळच्या एका कुटुंबात वर्षभर ओ पेअर म्हणून जायचं म्हणते. त्यांच्याच घरी राहायचं आणि दोन लहान मुलं सांभाळायची. तिचे बाबा म्हणतात, लोकांची पोरं सांभाळायला पदवी घेतली का? शिवाय आमच्या नात्यातले एक जण फ्रँकफर्टला असतात. ते म्हणतात, ‘टुरिस्ट व्हिसावर आमच्याकडेच पाठवा, बाळाला सांभाळेल, घरचंच आहे.’ काय करावं?
– एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, आधी नातेवाइकांचं बोलू. त्यांना आजच नाही म्हणून कळवा. टुरिस्ट व्हिसावर जर्मनीत असं काम करता येत नाही. उघडकीला आलं, तर मुलीचे पुढचे व्हिसाचे अर्जही अडचणीत येतील. बरं, ओ पेअर व्हिसावरही ती त्यांच्याकडे जाऊ शकणार नाही. घरात जर्मन बोललं गेलं पाहिजे आणि ओ पेअर यजमानांच्याच मायदेशातली नसावी, असा तिथला नियम आहे. शिवाय ‘घरचंच आहे’ म्हटलं, की कामाची वेळ ठरत नाही, पैसे मागता येत नाहीत आणि तक्रार केली तर नात्यात वितुष्ट येतं. अशा घरात मुलगी रात्री बारापर्यंत राबली तरी तिच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

आता म्युनिकचं. ही कमाईची नोकरी नाही, हे तिच्या बाबांना स्पष्ट सांगा. ओ पेअरला राहणं, जेवण, विमा आणि महिन्याला २८० युरो हातखर्च मिळतो. त्यातून घरी पैसे पाठवता येणार नाहीत, विमानाचं तिकीटही बहुतेक वेळा आपल्यालाच काढावं लागतं. या वर्षातून मिळवायची ती भाषा. म्हणून ‘मुलं सांभाळणं कमीपणाचं का’ या वादात अडकू नका. वर्षअखेरीस तिचं जर्मन कुठवर पोचेल आणि त्या भाषेवर ती पुढे काय करणार, एवढं तिला विचारा.

दिवस साधारण असा जातो. सकाळी साडेसहाला मुलांना उठवायचं, न्याहारी द्यायची, बालवाडीचा डबा भरायचा. डब्यात भाजी-पोळी नसते. चीज लावलेला ब्रेड, काकडीचे काप, सफरचंदाच्या फोडी असतात. मग कपडे चढवणं, आणि हिवाळ्यात यातच घामटं निघतं. लोकरीचे मोजे, स्वेटर, त्यावर रबरी वाटावी अशी चिखलात खेळायची पँट, बूट, टोपी, हातमोजे. एवढं सगळं झाल्यावर धाकट्याला शू लागते. पाऊस असला तरी मुलं बाहेर खेळणारच, तिथे ते गृहीतच असतं. मुलांना सोडून आल्यावर त्यांची खोली आवरणं, त्यांचे कपडे धुणं. मग दुपारपर्यंतचा वेळ तिचा. भाषेचा वर्ग याच वेळेत बसवायचा. दुपारी मुलांना आणायचं, बागेत न्यायचं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बहुतेक घरांत ब्रेड-चीजचं थंड जेवण असतं आणि आठपर्यंत मुलं झोपलेली असतात. गरम आमटी-भाताची सवय असलेल्या मुलीला हे जेवण पहिले काही आठवडे जड जातं. ती शाकाहारी असेल तर कुटुंबाला आताच सांगू दे.

मुलांकडून भाषा फार लवकर येते. चार वर्षांचं पोर चुकीचा शब्द लगेच सुधारतं आणि तेच वाक्य दहादा म्हणून घेतं. पण अवघड दिवसही येतील. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. त्या काळात तिला रडू आलं तर लगेच ‘परत ये’ म्हणू नका. वर्गातल्या मैत्रिणी जमल्या, की बऱ्याच जणी सावरतात. तुमचा फोनही रोज तासभर नको, नाहीतर ती दिवसभर मराठीतच राहील.

नियम मात्र तिला तोंडपाठ हवेत. काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३० तास, आणि संध्याकाळी मुलांजवळ थांबणं त्यातच धरलं जातं. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, स्वतःची खोली, आणि भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाकडून महिन्याला ७० युरो. सगळ्या घराची साफसफाई, आजी-आजोबांची शुश्रूषा ही तिची कामं नाहीत. घर पटलं नाही तर मुदतीची सूचना देऊन परवानगीने कुटुंब बदलता येतं, पण एकूण काळ वर्षभराचाच. आणि ही संधी एकदाच मिळते, व्हिसाचा अर्ज २७ वर्षं पूर्ण होण्याआधी करावा लागतो. एजंट लाखभर रुपये मागत असेल तर तिथूनच उठा. जर्मनीतल्या कायद्याप्रमाणे मध्यस्थाला ओ पेअरकडून १५० युरोपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

माझं मत विचाराल, तर पुढची वाट ठरली असेल तर जरूर पाठवा. जर्मनीत आउसबिल्डुंग नावाचं, बहुधा पगारी, व्यावसायिक शिक्षण असतं. नर्सिंग, बालशिक्षण, हॉटेल अशी क्षेत्रं त्यात येतात. त्याला जर्मनची साधारण बी-वन पातळी, नर्सिंगला बऱ्याच ठिकाणी त्याच्या वरची बी-टू लागते. हे अभ्यासक्रम बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात आणि अर्ज कित्येक महिने आधी करावे लागतात. म्हणजे तिथे पोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तिने त्याला लागायला हवं. ‘वर्ष संपलं की बघू’ म्हणाली तर थांबवा. त्याऐवजी तिने इथेच बी-वन करावं आणि थेट आउसबिल्डुंगसाठी अर्ज करावा, हे बरं.

या आठवड्यात तिने त्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉल करावा आणि तुम्ही शेजारी बसा. आठवड्याचं वेळापत्रक लेखी मागा, भाषेचा वर्ग घरापासून किती लांब आहे ते विचारा, खोली दाखवायला सांगा. आधीची ओ पेअर असेल तर तिचा नंबर घ्या आणि मुलीला तिच्याशी एकटीला बोलू द्या. नंबर द्यायला ते टाळाटाळ करू लागले, तर दुसरं कुटुंब शोधा.