सुरुवात हिटलरपासून नको

ज्यूद्वेषाचा इतिहास १९३३ पासून, म्हणजे हिटलर सत्तेवर आला तिथून, वाचायला घेतलात ना? मीही तेच केलं होतं. मग वर्षभर एकच कोडं: हा द्वेष आला कुठून? तेव्हा जरा मागे जा, आणि आधी एकच प्रसंग नीट धरा.

१३४८ची प्लेगची साथ. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी आवई उठली. छळ करून कबुलीजबाबही मिळवले गेले. पोप सहावा क्लेमेंट यांनी फर्मान काढलं की ज्यूही याच रोगाने मरताहेत. ऐकतो कोण? १४ फेब्रुवारी १३४९ला स्ट्रासबुर्गमध्ये (आजच्या फ्रान्समधलं शहर) शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. साथ तर शहरात पोचलीही नव्हती! नंतर त्यांच्याकडून घेतलेली कर्जं बुडीत काढली आणि रोकड वाटून घेतली. हा हिशेब दोनदा वाचा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 'ज्यू म्हणजे सावकार' हे गृहीत धरणं. अनेक ठिकाणी जमीन आणि कारागिरांचे संघ त्यांना बंद होते, म्हणून काही जण सावकारीकडे वळले; कितीतरी ज्यू तर गरीबच होते.
- धर्मद्वेष आणि वंशद्वेष एकच समजणं. आधी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झालं, की बहुधा जीव वाचे. एकोणिसाव्या शतकात 'रक्ता'ची भाषा आली आणि ती वाटही बुजली. (स्पेनमध्ये ही भाषा आधीच आली होती; ती भानगड नंतर.)

ड्रेफस प्रकरणाला (फ्रान्समधल्या एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा आरोप) एवढ्यात हात लावू नका. नकाशा मात्र शेजारी हवाच: १२९०ला इंग्लंडमधून आणि १४९२ला स्पेनमधून हाकललेले लोक कुठे गेले, ते बोट ठेवून शोधा. अडलं तर विचारा.