माननीय ब्रूटस आणि पाच जणांची गर्दी

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं हौशी मंडळ यंदा ‘ज्युलियस सीझर’ मराठीत करतंय. तरुण मुलं म्हणतात सीझर आजच्या एखाद्या पुढाऱ्यासारखा दाखवू, तसंच जॅकेट, तशीच चाल, लोक हॉल डोक्यावर घेतील. जुनी मंडळी म्हणतात चादरी गुंडाळा आणि रोमच ठेवा, क्लासिकशी छेडछाड नको. मीटिंगमध्ये पोहे संपले, भांडण नाही संपलं. काय करावं?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या चुकताहेत. आधी जुन्या मंडळींना सांगा की रोम तर खुद्द शेक्सपिअरनेच धड ठेवला नव्हता. १५९९च्या आसपासचं नाटक, दुसऱ्या अंकात सीझरला मारायचा कट करणारे ब्रूटस वगैरे रात्री जमलेत आणि मध्येच घड्याळाचे तीन टोले पडतात, आता इसवी सनापूर्वी ४४ साली टोल्यांचं घड्याळ कुठनं आलं हो? त्याचे नटही बरेचसे त्यांच्याच काळच्या कपड्यांत उभे राहायचे. म्हणजे आज आपण ज्याला छेडछाड म्हणतो ती पहिल्या प्रयोगापासून चालूच आहे.

आता तरुण मुलांचं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हेच नाटक झालं, सीझर हुबेहूब ट्रम्पसारखा. दोन मोठ्या स्पॉन्सरांनी हात काढून घेतले, एका प्रयोगात तर निषेधवाले थेट स्टेजवर चढले. गाजलं खूप, पण चर्चा सगळी त्या टाय आणि केसांची, आणि हे नाटक खून करणाऱ्यांचं कसं वाटोळं होतं ते दाखवतं ही गोष्ट त्या गोंधळात कोणाला ऐकूच नाही आली. आम्हीही एकदा तरुणपणी हा शहाणपणा केला होता, सीझरला पांढरी टोपी, काळा गॉगल. एंट्रीला टाळ्या, आम्ही खूश. मग सुरे निघाले तरी लोक हसतच राहिले, ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ला सगळ्यात मोठा हशा! विंगेत उभ्या उभ्या वाटलं पडदा पाडून घरी जावं.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवा. १९०७चं नाटक, महाभारतातली गोष्ट, कीचकाच्या डोक्यावर हॅट नव्हती की तोंडात इंग्रजी नव्हतं, तरी लोकांनी व्हाइसरॉय कर्झनला ओळखलं, भीमात जहालांना, युधिष्ठिरात मवाळांना. कर्झन तर १९०५लाच परत गेला होता! सरकारलाही बरोबर कळलं आणि १९१०मध्ये बंदी आली. प्रेक्षकाला ओळखायचं काम करू द्या, त्याच्या हातात फोटो देऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर कपडे साधे आजचे, कोणाचीच नक्कल नाही, आणि सगळा जोर भाषेवर. ब्रूटस खुनानंतर लोकांपुढे गद्यात बोलतो, मुद्देसूद, आणि सीझरचा दोस्त अँटनी पद्यात. मराठीत पद्य आणायला गेलात तर जुनं संगीत नाटक होऊन बसेल, त्यापेक्षा आपल्याकडे जी सोय आहे ती वापरा की. ब्रूटसला द्या शुद्ध पुणेरी मराठी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आणि अँटनी आपला इंदूरच्या राजवाड्यावरचा : ‘अरे भिया, मी काही भाषण नाही द्यायला आलोय, आपल्या माणसाला पोचवायला आलोय.’ हॉलमधले लोक कोणाच्या बाजूने जातील ते पाहाच.

आणि अँटनीच्या भाषणातलं ते जगप्रसिद्ध पालुपद, ब्रूटस म्हणजे सन्मान्य माणूस. ‘सज्जन’ नको, फार गुळगुळीत आहे. ‘माननीय’ घ्या. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतो तो शब्द. पहिल्यांदा अँटनीने तो खरोखर आदराने म्हणायचा, डोळा मारायचा नाही, शेवटी शेवटी तोच शब्द शिवीसारखा ऐकू आला पाहिजे. तुमचा अँटनी पहिल्याच ‘माननीय’ला टोमणा मारत असेल तर नट बदला, मी सिरियसली सांगतोय.

प्रश्न : सर, मी कॉलेजमध्ये आहे, याच नाटकावर वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करतेय, मोबाईलवर. माझ्याकडे मित्र पाच आणि रोमन जनता हजारोंची. कसं दाखवू?
– एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : अगं, हजार माणसं दाखवायची कशाला? १९५३च्या हॉलिवूडवाल्या सिनेमात होती खरी गर्दी, पण तिथे समोर मार्लन ब्रँडो होता आणि मागे स्टुडिओचा पैसा. राल्फ फाइन्सने २०११मध्ये ‘कोरिओलेनस’ हा सिनेमा केला, तोही शेक्सपिअरचा रोमच, पण शूटिंग बेलग्रेडमध्ये, आणि बरंचसं राजकारण टीव्हीच्या बातम्यांतून पुढे सरकतं. ते तुला जमेल. तू फोनच्या स्क्रीन वापर, तोच व्हिडिओ चहाच्या टपरीवर, रिक्षात, जिन्यात कोणी ना कोणी पाहतंय, गर्दीचा फक्त आवाज.

पण खरा क्लोजअप सांगू? अँटनी सीझरचं फाटलेलं वस्त्र हातात घेतो आणि एकेक भोक दाखवतो, हे कॅसियसचं, हे कॅस्काचं, हे लाडक्या ब्रूटसचं. आता गंमत बघ, खुनाच्या वेळी अँटनी तिथे नव्हताच, त्याला गोड बोलून आधीच बाहेर नेलेलं! मग कोणतं भोक कोणाचं हे याला कसं ठाऊक? गर्दीतला एकही माणूस विचारत नाही. फक्त बोट, भोक आणि ऐकणाऱ्याचा चेहरा, तीन शॉट. पाच मित्र जास्तच होतील.

त्यानंतरचा सिन्ना कवीचा प्रसंग कापू नकोस, छोटासा आहे. लोक त्याला कटातला सिन्ना समजून धरतात, तो ओरडतो मी कवी आहे, तर म्हणतात, मग वाईट कवितांसाठी फाडा. हा मात्र गर्दीशिवाय, एका अरुंद बोळात कर. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने १९३७मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेजवर फॅसिस्ट गणवेशात हे नाटक केलं तेव्हा लोकांच्या लक्षात राहिला तो हाच सीन.

प्रश्न : सीझर तिसऱ्या अंकातच मरतो, पुढे लढायाच लढाया. कापलं तर चालेल?
– एक दिग्दर्शक, इंदूर

उत्तर : चालेल, वेल्सनेही भरपूर कापलं होतं. फिलिपीच्या लढाया चार वाक्यांत उरकल्या तरी कोणी तिकिटाचे पैसे परत मागणार नाही. फक्त तंबूतलं ब्रूटस-कॅसियसचं भांडण ठेवा, पैशावरून चालू होतं, पार लहान मुलांसारखं, आणि मग कळतं की ब्रूटसची बायको पोर्शिया गेली. देशासाठी खून करणारे दोघे शेवटी सैनिकांच्या पगाराच्या पैशांवरून भांडताहेत, यापेक्षा आजचं काय पाहिजे तुम्हाला? आणि हो, शेक्सपिअरचे हक्क आता कोणाचे नाहीत पण मराठी अनुवादकाचे असू शकतात, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. छापील अनुवाद उचलायच्या आधी ते बघून घ्या.

प्रश्न : खोटं रक्त कशाचं करावं? ब्रूटस कोपरापर्यंत हात माखायला सांगतो.
– सुदामानगरच्याच मंडळातून

उत्तर : साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, आणि चिमूटभर कोको, नाहीतर रंग सरबतासारखा दिसतो. इंदूर आहे, पाकाला मुंग्या लागणारच, तेव्हा शेवटच्या क्षणी बनवा. आणि पांढरे कुर्ते भाड्याचे असतील तर मालकाला आधी सांगा, आम्ही नव्हतं सांगितलं.