शटरचा रंग शेवटी, आधी सिंक आणि शेगडी घरात आणा

फोंड्याजवळचं चिऱ्यांचं जुनं घर, 10 बाय 8 फुटांचं स्वयंपाकघर. ओट्याला पांढरा संगमरवर चालेल का, शटर म्हणजे कपाटांची दारं कुठल्या रंगाची करू, आणि गणेशचवथीआधी काम उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. रंगाचं शेवटी बघू.

संगमरवर नको. आपल्या ओट्यावर सोलं (आमसुलं), चिंच, लिंबू रोज सांडणार. संगमरवर मुळात चुनखडीच, आंबट लागलं की त्याची झिलई जाते. तो पांढुरका ठसा म्हणजे डाग नव्हे, तिथे दगडच खाल्ला गेलेला असतो, म्हणून कितीही घासा, जात नाही. 18 ते 20 मिमी जाडीचा गडद ग्रॅनाइट घ्या. पुढच्या काठाखाली, कडेपासून बोटभर आत, मशीनने एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडतं. खाच नसली की ते दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि शटरच्या वरच्या कडेवर उतरतं. दोन वर्षांत सनमायका सुटतो तो तिथूनच, आणि बोल मात्र सुताराला लागतात.

बहुतेकांची चूक क्रमात असते. आधी ओटा बांधतात, मग त्यात बसेल असं सिंक शोधत फिरतात. सिंक, शेगडी किंवा ओट्यात बसवायचा हॉब, चिमणी आणि ट्रॉल्या आधी विकत घ्या, निदान मॉडेल ठरवून मापाचा कागद हातात ठेवा. मगच गवंड्याला बोलवा. ट्रॉलीचा खण वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजायचा. चिऱ्याची जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते, वर 21 इंच भरलेला खण खाली साडेवीस निघतो.

आखणी खडूने जमिनीवरच करा. ओटा 2 फूट खोल धरला तर समोरासमोर दोन ओटे घातल्यावर मध्ये 4 फूट उरतात. दोघांना पाठीला पाठ लावून वावरायला ते पुरतात, पण मग आदोळी, म्हणजे नारळ खवायची विळी, घेऊन खाली बसायला जागा नाही. इंग्रजी एल आकाराचा ओटा केलात तर 6 फूट मोकळे राहतात. घरात नारळ अजून आदोळीवरच खवत असाल तर एलच करा. वाटणाच्या विजेच्या रगड्यासाठी कोपऱ्यात दोनेक फूट उंचीचा वेगळा कट्टा ठेवा, ते वजन रोज ओट्यावर चढवणं कोणाच्या पाठीला झेपत नाही. मासळी कापायला मागच्या दारी नळ आणि छोटी मोरी असेल तर आतलं सिंक एकच पुरे.

ओट्याची उंची कोपरावरून ठरवा: उभं राहिल्यावर कोपर जिथे येतं त्याच्या 4 ते 5 इंच खाली. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तिची उंची हिशेबात धरून ओटा तेवढा खाली घ्या, नाहीतर भाताच्या टोपात डोकवायला टाचा उचलाव्या लागतील.

खालच्या खणांमधले उभे आडोसे कडप्प्याचे करा, लाकूड फक्त शटरना. वाळवी चिऱ्याच्या सांध्यांतून वर येते, दगडाला ती काही करू शकत नाही. जिथे प्लाय लागेलच तिथे आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या. कापलेल्या कडा उघड्या सोडू नका, प्लाय पाणी पितं ते कडेनेच. सिंकखाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड अजिबात नको. बिजागऱ्या सहसा न गंजणाऱ्या 304 स्टीलच्या. वरची कपाटं चिऱ्यात नुसते प्लग ठोकून टांगू नका, चिरा भुसभुशीत असतो आणि भरलेल्या कपाटाच्या वजनाने प्लग सैल होतात. आधी भिंतीवर लोखंडी पट्टी लांब अँकरांनी पक्की करा, कपाट त्या पट्टीवर.

चिमणीचा पाइप 6 इंची, वळणं जास्तीत जास्त दोन. वाटेत 4 इंची केलात तर आवाज वाढेल, धूर तिथेच राहील. बाहेरचं तोंड नैऋत्येला नको, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या शटरला जमिनीलगत जाळी हवीच, गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो.

विजेचं काम टाइल लावण्याआधी. फ्रिज, ओव्हन आणि रगडा यांना वेगवेगळे 16 अँपिअरचे पॉइंट, सिंकपासून निदान 2 फूट लांब. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच.

चवथीचं म्हणाल तर मे संपायच्या आत सगळं उरकत असेल तरच आता हात घाला. पावसात चिऱ्याची भिंत ओल धरते, गिलावा सुकत नाही, आणि ओल्या भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या पाठीवर बुरशी येते. ते जमत नसेल तर दिवाळीनंतर.

आता रंग. ग्रॅनाइट आधी निवडा, त्यात पर्याय कमी. मग टाइल, आणि सनमायका सर्वांत शेवटी, त्याच्या छटा शेकड्यांनी मिळतात. तिन्ही नमुने दुकानात जुळवू नका, त्याच स्वयंपाकघरात सकाळी आणि रात्री ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून बघा. गडद चकचकीत शटरवर पिठाचा हात आणि पाण्याचे ओघळ दोन्ही उठून दिसतात. फिकट, मॅट घ्या. शेगडीमागच्या टाइलच्या सांध्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट, साध्या ग्राउटची हळद जात नाही.

खिडकी आणि सांडपाण्याची वाट कुठल्या भिंतीला आहे ते लिहा. सिंक कुठे येईल ते त्यावरच ठरेल.