भावाला व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवावं का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ लोट्याच्या एमआयडीसीत वेल्डर आहे, दहावी नापास. ओळखीतला एक माणूस म्हणतो, "१ लाख २० हजार द्या, व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवतो. तिथे पोहोचला की वर्क व्हिसा करून देऊ. पगार १,२०० दिरहम, राहणं कंपनीचं." पाठवावं का? आणि तिथलं जगणं खरंच कसं असतं?

उत्तर:

ताई, भावाला जायचं असेल तर जाऊ द्या. पण या माणसाच्या हातून नको, आणि व्हिजिट व्हिसावर तर मुळीच नको.

मी शारजा आणि दुबईत एका कंत्राटदार कंपनीत टाइमकीपर होतो. साइटवर हजेरी घ्यायची, ओव्हरटाइमचे तास लिहायचे, महिन्याअखेर पगाराच्या याद्या करायच्या. त्यामुळे कोण घरी किती पाठवतो आणि कोण महिन्याच्या मध्यावरच उसने मागायला येतो, हे रोज समोर दिसायचं. एकाच खोलीत राहणारे, एकाच पगाराचे दोघे. दोन वर्षांनी एक जण गावी घराला स्लॅब टाकतो आणि दुसरा अजून व्याजच भरत असतो. दोघांच्या कामात काही फरक नसायचा. फरक असायचा तो निघताना किती कर्ज काढलं होतं त्यात. म्हणून तिथल्या उन्हाची, मालकाची काळजी नंतर करू, आधी या १ लाख २० हजारांचा हिशेब मांडू.

पगार १,२०० दिरहम. राहणं कंपनीचं म्हणजे जेवण आपलं. मेस, मोबाइल, साबण-पावडर, कधी औषध, यात काटकसर करूनही ५०० जातात. उरले ७००. दिरहमचा भाव २४ रुपये धरला तर १६,८०० रुपये घरी येतील. त्यातले १०,००० घरखर्चाला लागले तर कर्जाला उरतात ६,८००. आता १ लाख २० हजार गावातल्या सावकाराकडून शेकडा ३ ने घेतले असतील, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज ३,६०० होतं. या वेगाने कर्ज फिटायला दोन वर्षांहून थोडा जास्तच काळ लागतो. म्हणजे दोन वर्षांचा अख्खा करार त्या एजंटसाठी राबायचं.

आणि हेच सरकारमान्य रस्त्याने गेलं तर? नोंदणीकृत भरती एजंटला आपल्याकडे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. तेवढे त्याच व्याजाने काढले तरी सहा महिन्यांत मोकळा. खरं तर अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असं स्पष्ट आहे. चांगल्या कंपन्या तसं करतातही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. डोक्यावर सावकार असलेला माणूस तिथे तोंड उघडत नाही. पगार दोन महिने थकला तरी गप्प, करारात वेल्डर लिहून हेल्परचं काम दिलं तरी गप्प, आजारी असला तरी कामावर. तक्रार केली आणि परत पाठवलं तर कर्ज कोण फेडणार, हा एकच विचार. अशी मुलं मी खूप पाहिली. त्यांच्यावर कोणाला हात उगारावा लागत नव्हता, बांधून ठेवावं लागत नव्हतं. गावातलं कर्जच ते काम करत होतं.

आता व्हिजिट व्हिसाचं. भाऊ दहावी पास नाही, म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असणार. असा पासपोर्ट असलेल्याला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारची मंजुरी लागते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. तुमचा माणूस व्हिजिट व्हिसा म्हणतोय तो याचसाठी. मंजुरी टाळली की कंपनीची नोंदणी टळते, कराराची तपासणी टळते, विमा टळतो, आणि उद्या काही झालं तर याचं नाव कुठेच सापडत नाही.

पासपोर्टवर ईसीआर असणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात, ते मला अजिबात पटत नाही. तुमच्या भावासाठी ते कवच आहे. त्या रस्त्याने गेलं की परदेशी कंपनीला आधी भारत सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर यावं लागतं, पगाराचा आकडा करारात लिहावा लागतो, आणि कागद प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर व्हावा लागतो. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी निघते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. वेल्डिंगचं काम आहे, उंचीवरचं असू शकतं. एवढ्या पैशात हे संरक्षण सोडू नका.

व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे. महिना-दोन महिने "आज होईल, उद्या होईल" करत व्हिसा संपतो आणि त्यापुढे रोज ५० दिरहम दंड चढतो. तुमच्या भावाला सांगितलेला पगार रोजचा ४० दिरहम पडतो, म्हणजे कमाईपेक्षा दंड जास्त. २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत अमिरातीने माफीची मुदत दिली होती, तेव्हा असे अडकलेले कितीतरी लोक दंड न भरता सुटले. पण अशी संधी पुन्हा कधी येईल याच्या भरवशावर कोणी जाऊ नये.

मग काय करायचं? त्या माणसाला एकच विचारा: तुमचा परवाना क्रमांक काय? दिला तर ईमायग्रेटवर जाऊन तपासा. "मी मुंबईच्या मोठ्या एजंटचा माणूस आहे" म्हणाला तर त्या एजंटच्या ऑफिसात स्वतः जा, पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. गावोगाव फिरणारे हे मधले लोक कायद्याने कोणीही नाहीत. ओळखीतला आहे म्हणून विचारायला अवघड वाटेल, तरी विचारा.

यानंतरचा कागद सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर जरा थांबतो. अमिरातीत मनुष्यबळ मंत्रालयाचं ठरावीक नमुन्याचं ऑफर लेटर असतं. ते अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेतही मिळतं, त्यात हिंदी आहे. भावाला हिंदीतलं मागायला सांगा आणि सही करण्याआधी घरात बसून दोघांनी वाचा. एकूण पगाराच्या आकड्यावर नजर अडकू देऊ नका, खाली त्याची फोड असते: बेसिक इतका, भत्ते इतके. सगळी मेख तिथे आहे. एकूण १,२०० तेच, पण एकात बेसिक ६०० आणि भत्ते ६००, दुसऱ्यात बेसिक १,००० आणि भत्ते २००. महिन्याला हातात सारखेच येतात, म्हणून मुलं लक्ष देत नाहीत.

ओव्हरटाइम मात्र बेसिकवर मोजतात. बेसिक ६०० असेल तर दिवसाचे २०, तासाचे अडीच दिरहम, त्यावर २५ टक्के वाढ धरून ओव्हरटाइमचा तास साधारण ३ दिरहमला पडतो. बेसिक १,००० असेल तर तोच तास ५ दिरहमच्या वर जातो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांची. पाच वर्षं काढली तर एकाला २,१०० दिरहम आणि दुसऱ्याला ३,५००. याद्या करताना हे आकडे लिहिताना मला वाईट वाटायचं, कारण तोपर्यंत सही होऊन गेलेली असायची. बेसिक वाढवून मागायची वेळ सहीच्या आधीची.

कामाचे तास दिवसाला ८, आठवड्याला ४८, हेही त्यात पाहा. पगार बँकेतून किंवा पगाराच्या कार्डावर येतो. २००९ पासून तिथे त्यासाठी सरकारची वेज प्रोटेक्शन यंत्रणा आहे, आणि पगार थकला की मंत्रालयाला त्यातूनच कळतं. कोणी रोख देतो म्हणाला तर सावध व्हा.

आता जगण्याबद्दल विचारलंत ते. बहुतेक कामगार कॅम्पमध्ये राहतात. दुबईत सोनापूर, अल कूझ, जबल अली, शारजात सजा. खोलीत दोन मजली कॉट, सहा-आठ जण, प्रत्येकाचा एक खण. कोपऱ्यातला एसी दिवसरात्र चालू. एकाच्या मोबाइलवर पश्तो गाणी, दुसऱ्याच्या भोजपुरी. खोलीत दुसरा मराठी माणूस असेलच असं नाही, हिंदी बोलावं लागेल आणि ते लवकर जमतं. महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांचे कार्यक्रमही चांगले होतात, पण कॅम्पातल्या मुलाला तिथवर पोहोचायला ना वेळ असतो ना गाडी.

खरी धावपळ असते किचनमध्ये. बस संध्याकाळी परत आली की अंघोळीला रांग, मग शेगडीला रांग. भिंतीलगत ओळीने शेगड्या, प्रत्येकीमागे एक गट. चार-पाच जण मिळून मेस करतात: एक जण पीठ मळतो, एक कांदा चिरतो, तिसरा भांडी घासतो. रात्रीच दुसऱ्या दिवसाचा डबा भरायचा, कारण उन्हाळ्यात बस पहाटे साडेचारलाही सुटते. त्या डब्यात नवी मुलं कालवलेला डाळभात भरतात आणि दुपारपर्यंत तो आंबतो. आमटी वेगळी, भात वेगळा ठेवायचा, नाहीतर सरळ चपाती आणि सुकी भाजी. भावाला चपात्या येत नसतील तर निघण्याआधी शिकवा. ज्याला स्वयंपाक येतो त्याला पहिल्याच दिवशी मेसमध्ये घेतात आणि तिथेच त्याची माणसं जोडली जातात. न येणारा हॉटेलात खातो, पैसे घालवतो आणि एकटा पडतो.

ऊन फार असतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, हा नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. पण वेल्डरच्या अंगावर जाड कव्हरॉल, चामड्याचे हातमोजे, तोंडावर शिल्ड. घाम किती गेला ते त्याला कळतही नाही. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय असं समजायचं.

खोलीबद्दल आणखी एक. गेल्या गेल्या बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते पाहून ठेवायचं. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले, बरेचसे झोपेत धुराने. ती बातमी वाचली तेव्हापासून मी प्रत्येक जाणाऱ्याला हे सांगतो.

मनाचं म्हणाल तर पहिले तीन-चार महिने जड जातात. कोकणातल्या मुलाला पहिला गणपती सगळ्यात जड जातो. वर्षाला ३० दिवस रजेचा हक्क आहे, पण बऱ्याच कंपन्या तिकीट देऊन दोन वर्षांनीच घरी पाठवतात. तेव्हा आईला "गणपतीला येईल" असं सांगून ठेवू नका. व्हॉट्सॲपवर तिथून बोलता येत नाही, मेसेज चालतात, कॉल नाही. बहुतेक जण बोटिम नावाचं ॲप वापरतात, ते आईच्या फोनमध्ये आधीच टाकून तिला दाखवा.

त्याच्या कामाबद्दल एक सुचवतो. घाई नसेल तर पाच-सहा महिने थांबून त्याला पाइप वेल्डिंग शिकू द्या आणि सिक्स-जी टेस्ट देऊ द्या. पाइप ४५ अंशात पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः भोवती फिरून जोड पुरा करायचा. तो जोड एक्स-रेला उतरला की तेल-वायूच्या कामांवर साध्या फॅब्रिकेशन वेल्डरपेक्षा खूप वरचा पगार मिळतो. जे पैसे एजंटला देणार होतात त्यातले थोडे यावर घाला. आणि छातीचा एक्स-रे इथेच काढून घ्या. तिथे पोहोचल्यावर व्हिसासाठी टीबी आणि एचआयव्हीची तपासणी होते. त्यात अडकून परत येण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तो निघेल तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर, विमा, सगळ्याच्या प्रती तुमच्याकडे ठेवा. व्हिसावर एम्प्लॉयमेंट लिहिलंय की टुरिस्ट, हे विमानतळावर जाण्याआधी स्वतः वाचा. तिथे त्याचा पासपोर्ट कंपनीने स्वतःकडे ठेवणं कायद्यात बसत नाही, तरी मागितला तर निदान प्रत हाताशी असावी. पगार थकला तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार करता येते. दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथून त्यांचा टोल फ्री नंबर ८००४६३४२, हिंदीत बोलतात. इथून तुम्हाला परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येईल.

ऑफर लेटर हातात आलं की भावाचं नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून इथेच कमेंटमध्ये टाका. बेसिक, भत्ते आणि तास बघून मी सांगतो. तोपर्यंत त्या माणसाला टोकन म्हणूनही काही देऊ नका.