फिजिक्सवाल्याला जीन डिलिव्हरीत कोण विचारतं?

प्रश्न असा आहे: "कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरीची आवड आहे, पण घरचे म्हणतात त्यात पोट भरत नाही, जीन थेरपीसारखं स्कोप असलेलं काहीतरी कर. थिअरी करू की तिकडं वळू? आणि तसंही फिजिक्सवाल्याला तिथं कोण विचारतं?"

शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढं गेले असते. कोण विचारतं म्हणजे? अडलं की सगळे विचारतात, काम झालं की ओळख देत नाहीत. अडला हरी कुणाचे पाय धरतो हे तुला माहीत आहेच. त्या म्हणीतलं दुसरं पात्र मी होते. वयानं लहान असशील म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी ते 'हे करू की ते करू' सोडून दे. आपल्याकडं थिअरी म्हटलं की लोकांना जयंत नारळीकर आठवतात. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, अभिमान असायलाच हवा. पण त्या नादात थिअरी म्हणजे तारे, कृष्णविवरं आणि विश्वाची उत्पत्ती एवढंच पोरांच्या डोक्यात बसलंय. जीन पेशीत पोचवणं, म्हणजे जीन डिलिव्हरी, हासुद्धा फिजिक्सचाच प्रश्न आहे. पेशीचा पडदा वाकवायला किती ऊर्जा लागते याचं सूत्र १९७३ साली हेलफ्रिश या भौतिकशास्त्रज्ञानं मांडलं. पडद्याचा हिशोब करणारा माणूस आजही तिथूनच सुरुवात करतो. धन प्रभाराची लिपिडं (पेशीचा पडदा ज्यांचा बनतो ते तेलकट रेणू) आणि डीएनए एकत्र आले की एकाआड एक थर लागतात, हे १९९७ साली एक्स-रे टाकून दाखवलं ते साफिन्याच्या गटानं, तेही फिजिक्सवालेच. आणि १९८७ मध्ये कॉर्नेलच्या मंडळींनी तर टंगस्टनच्या बारीक कणांना डीएनए फासून ते बंदुकीच्या बारानं कांद्याच्या पेशींत घुसवले. कांद्यावर गोळीबार! आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी असलं काही करताना दिसला असता तर त्याला घरच्यांनी डॉक्टरकडं नेलं असतं. पण काम झालं. कारण जीन पेशीत पोचवणं म्हणजे ऋण प्रभाराचा एक लांबलचक धागा ऋण प्रभाराच्याच तेलकट पडद्यातून पलीकडं न्यायचा. जीवशास्त्र त्यानंतर सुरू होतं.

आता माझं ऐक. बाबांचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. कपॅसिटरला हात लावायच्या आधी त्याची दोन टोकं जोडून तो रिकामा करायचा, हे मला पाढे पाठ व्हायच्या आधीपासून ठाऊक. पुढं शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आणि घाटापलीकडच्या एका संस्थेत थिअरीत पीएचडीला लागले. विषय प्रभारित पॉलिमर. संस्थेचं नाव सांगत नाही, खालच्या मजल्यावरचे सर अजून तिथंच आहेत.

त्या खालच्या मजल्यावर गडहिंग्लजची एक मुलगी इ. कोलाय जिवाणूंत डीएनए घालायच्या मागं होती. पद्धत नेहमीची, इलेक्ट्रोपोरेशन. १ मिलिमीटरच्या फटीत ५० मायक्रोलिटर द्रावण भरायचं, १.८ किलोव्होल्टचा झटका द्यायचा, पडद्याला क्षणभर भोकं पडतात, डीएनए आत जातो. तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोलला, घेतलेल्या शुद्ध प्लाझमिडच्या (जिवाणूतल्या गोल डीएनएच्या) प्लेटवर जिवाणूंच्या रग्गड कॉलनी, हिच्या स्वतःच्या लायगेशनच्या, म्हणजे तुकडे जोडून बनवलेल्या डीएनएच्या, प्लेटवर शुकशुकाट. मधूनच क्युवेटमध्ये ठिणगी पडून फट्ट आवाज यायचा आणि ते सॅम्पल फुकट. सरांचं एकच पालुपद, "सेल्स नीट धुतल्या नाहीस, परत कर." ती बिचारी परत करायची.

एकदा मेसमध्ये जेवताना तिनं वही पुढं केली. मशीन प्रत्येक झटक्यानंतर टाइम कॉन्स्टंटचा, म्हणजे झटका किती वेळात ओसरला त्याचा, आकडा दाखवतं, तो तिनं इमानदारीनं लिहून ठेवला होता. कंट्रोलला ५ मिलिसेकंदांच्या आसपास, लायगेशनला ३.३ च्या आसपास. रकानाच्या रकाना भरला होता आणि त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

अरे, ते मशीन म्हणजे बाबांच्या दुकानातला कपॅसिटरच, फक्त व्होल्टेज दांडगं. आत २५ मायक्रोफॅरड, त्याला समांतर २०० ओहमचा रेझिस्टर. गुणाकार कर, बरोबर ५ मिलिसेकंद येतात. आकडा ३.३ वर आला म्हणजे एकूण रोध १३२ ओहमवर उतरला, म्हणजे द्रावणाचा स्वतःचा रोध जेमतेम ४००. चांगल्या धुतलेल्या पेशींचा तो काही हजार असतो. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा ४० ज्यूल. त्यातली एक तृतीयांश, म्हणजे १३ ज्यूल, त्या एवढ्याशा ५० मायक्रोलिटरमध्ये ओतली गेली. तापमान साठेक अंशांनी चढलं. जिवाणूंना झटका नव्हता बसत, ते शिजत होते! त्याच सेल्स कंट्रोलला चालत होत्या, त्यामुळं धुण्याचा प्रश्नच नव्हता. मीठ येत होतं लायगेशनच्या बफरमधून. डीएनएचा थेंब फिल्टरच्या चकतीवर ठेवला, चकती शुद्ध पाण्यावर तरंगत सोडली, मीठ खाली उतरलं. पुढच्या खेपेला मशीननं ४.९ दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी प्लेट घेऊन थेट आमच्या मजल्यावर आली.

सर काय म्हणाले? "मीठ काढा हे प्रोटोकॉलमध्ये असतंच." असतं की! मग इतके दिवस धुणं का चाललं होतं?

त्यानंतर मला खालून बोलावणी येऊ लागली. सरांचा मुख्य विषय पेशीत न्यायला डीएनए गुंडाळणारी छोटी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. दोन धन प्रभारांची काही, तीनची काही, चारची काही. दोनवाली काही केल्या डीएनएचा घट्ट गोळा करत नव्हती आणि सर अमिनो आम्लांचा क्रम उलटापालटा करत बसले होते. हिशोब कागदाच्या पाठीवर मावतो. डीएनएवर दर ०.१७ नॅनोमीटरला एक ऋण प्रभार. इतक्या दाट प्रभाराच्या धाग्यावर उलट प्रभाराचे आयन आपणहून गोळा होतात, आणि पाण्यात ते किती प्रभार झाकतात हे मॅनिंगच्या १९६९ च्या सिद्धान्तातून निघतं: एका प्रभाराचे आयन ७६ टक्के, दोनचे ८८, तीनचे ९२. डीएनए आकसतो तो साधारण ९० टक्के प्रभार झाकला गेल्यावर. हे विल्सन आणि ब्लूमफिल्ड यांनी १९७९ मध्ये प्रयोगातून काढलेलं. दोनवाला ८८ वर अडकतो, तीनवाला पार होतो. क्रम कितीही बदला, दोनाचे तीन होत नाहीत. मी मिठाचं प्रमाण धरून पूर्ण आलेख काढून दिला. कुठलं पेप्टाइड कधी चालेल आणि कधी नाही, सगळं त्यात.

तो आलेख पेपरात जसाच्या तसा छापून आला. लेखकांच्या यादीत माझं नाव नाही. शेवटी आभारात एक ओळ, 'उपयुक्त चर्चेबद्दल'. विचारायला गेले तर म्हणाले, "पेशी आम्ही वाढवल्या, तू फक्त गणित केलंस." माझे गाईड म्हणाले, जाऊ दे, कशाला वाकडं घ्यायचं. त्यांना रिटायर व्हायला थोडंच राहिलं होतं, त्यांचं बरोबर होतं म्हणा.

म्हणून माझा पहिला सल्ला स्कोपबद्दल नाहीच. जीवशास्त्राच्या कुठल्याही लॅबला हिशोब करून देण्याआधी लेखकांत नाव असणार का ते विचार, आणि ईमेलवर विचार. संकोच करू नकोस. 'फक्त गणित' करायला दुसरा कुणी असता तर तुला बोलवायला ते जिना चढून आले नसते. शक्यतो गाईडच असा शोध की ज्याचा स्वतःचा प्रश्न डिलिव्हरीचा आहे आणि जो स्वतः फिजिक्सवाला आहे. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राबू नकोस.

काम मात्र आहे, आणि भरपूर आहे. पॅटिसिरान हे लिपिड नॅनोकणांतून दिलं जाणारं आरएनएचं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यातल्या लिपिडची गंमत बघ: त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभारित असतात तो आकडा, ६.४ च्या आसपास. रक्तात पीएच ७.४, तिथं ते बहुतांशी प्रभारहीन राहतं. पेशीनं गिळल्यावर एंडोसोम नावाच्या आतल्या पिशवीत आम्लता वाढते, तिथं ते धन प्रभाराचं होतं आणि एंडोसोमच्या पडद्याला भिडतं. इतकं सुरेख जमवूनसुद्धा आत गेलेल्या आरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्के एंडोसोममधून बाहेर निसटतो, असं २०१३ मध्ये मोजलं गेलं. बाकीचा आतच कुजतो. पडदा कधी फाटतो, कधी दुसऱ्या पडद्याशी जुळतो, त्यासाठी वक्रतेची किती ऊर्जा मोजावी लागते, हा सगळा थिअरीचा प्रांत आहे. इथं एकाचे दोन टक्के करून दाखवणाऱ्याला डोस निम्म्यावर आणता येईल.

घरच्यांना स्कोपच हवा असेल तर सांग: पुण्यात बनलेल्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, आयआयटी मुंबईतून निघालेल्या नेक्सकार१९ या कॅन्सरवरच्या उपचाराला २०२३ मध्ये बाजारात आणायची मंजुरी मिळाली, आणि वेल्लोरच्या सीएमसीत हिमोफिलियाच्या रुग्णांवर जीन थेरपी झाली. शेवटच्या दोन्हींत वाहक विषाणू आहे, लिपिड नाही, पण जीनची डिलिव्हरी हा प्रश्न तोच. हे ऐकूनही कुणी 'बँकेची परीक्षा दे' म्हणालं तर मान डोलव आणि अभ्यासाला बस.

कोल्हापुरातून शक्य आहे का हे तू नीट विचारलंच नाहीस, पण सांगते. आपल्या विद्यापीठात थिन फिल्म आणि मटेरियल्सची परंपरा मोठी आहे, सॉफ्ट मॅटर, म्हणजे पॉलिमर, पडदे असल्या मऊ पदार्थांच्या थिअरीसाठी बाहेर पडावं लागेल. नेट, गेट, जेस्ट या तिन्ही परीक्षा दे. आयसर पुणे, टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस यांच्या वेबसाइटवर बसून कोण काय करतंय ते वाच. स्टॅटमेक आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स पक्कं कर. स्ट्रिंग थिअरीचे व्हिडिओ बघणं बंद कर, त्यानं आपण हुशार असल्याचा भास होतो, बाकी काही होत नाही. आणि विद्यापीठात आहेस तोवर बायोकेमिस्ट्रीच्या पोरांशी ओळख काढ, पिपेट एकदा तरी हातात धर.

आता थोडं सरांच्या बाजूनं, नाहीतर कमेंटमध्ये लोक येतीलच. मॅनिंगचं सूत्र पातळ द्रावणातल्या सरळ रेषेसारख्या धाग्याचं आहे. खरं पेप्टाइड म्हणजे बिंदू नव्हे, आणि पेशीतलं मीठ, प्रथिनं, गर्दी यांपुढं ८८ आणि ९२ मधला फरक पुसूनही जाऊ शकतो. चांगले जीवशास्त्रज्ञ टाइम कॉन्स्टंट बघतात, मला भेटलेले बघत नव्हते एवढंच. आणि शरीरापुढं आमचे हिशोब तोकडे पडतात. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या चाचणीत दगावला. वाहक ॲडिनोव्हायरस होता, शरीराच्या प्रतिकारशक्तीनं त्यावर भयंकर उसळी घेतली. कुठल्याही इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या सूत्रात ते दिसलं नसतं. त्यामुळं जीवशास्त्र मनापासून शीक, फक्त कुणाचा हरकाम्या होऊ नकोस.

समर प्रोजेक्टसाठी मेल टाकशील तेव्हा 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग' असलं काही लिहू नकोस, ते कुणी वाचत नाही. त्यांचा एक पेपर घे, त्यातला एक आकडा स्वतःच्या हिशोबानं काढ, जुळत असेल तर कसा आणि नसेल तर कुठं अडला ते चार ओळींत लिही. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी परत टाक.