अंग सैल सोडायच्या सरावाचा कळांच्या वेळी खरंच उपयोग होतो का?

तुमचा तिसावा आठवडा चालू आहे, बाळंतपणासाठी माहेरी कोल्हापूरला आलाय, आणि शिथिलीकरणाचा व्हिडिओ लावला की दहा मिनिटांत झोप लागते. मग कळांच्या वेळी हे कसं कामी येणार, असं तुम्ही विचारलंय. झोप लागली तर लागू दे, ती हवीच आहे. पण तो सराव नव्हे.

कळ येते तेव्हा गर्भाशय आपलं काम करत असतं, ते थांबवायचं नाही. त्याच्याबरोबर जबडा, खांदे, मुठी, मांड्याही आवळल्या जातात. त्यांचं तिथं काहीच काम नसतं, नुसती ताकद जाते. भीतीने अंग आखडतं, आखडल्यावर जास्त दुखतं, दुखलं की भीती वाढते, हे चक्र ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली मांडलं. तेव्हा शिकायचं ते एवढंच: एक स्नायू जोरात काम करत असताना बाकीचं अंग सोडता येणं.

सुरुवात डाव्या कुशीवर करा. एक उशी डोक्याखाली, दोन गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत पायांमध्ये (उशा कमी पडल्या तर वाकळ घडी करून चालते), एक छोटी पोटाखाली. उताणं झोपू नका. या महिन्यांत गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्तदाब उतरतो, चक्कर येते किंवा मळमळतं. तसं झालं तर लगेच कुशीवर वळा.

आता पायापासून वर या. एकेक भाग अर्ध्या ताकदीने पाच सेकंद आवळायचा आणि वीसेक सेकंद सोडायचा: पावलं, मांड्या, कुल्ले, मुठी, कानाकडे उचललेले खांदे, कपाळ, जबडा. पाऊल आवळताना बोटं आपल्याकडे ओढा, पुढे ताणलीत तर पोटरीत गोळा येतो. पोट आवळायचं नाही. ओटीपोटाखालचे स्नायू लघवी अडवल्यासारखे हलकेच वर ओढा आणि पूर्ण सोडा (प्रत्यक्ष लघवीच्या वेळी हे करू नका). इथे बहुतेक जणी ओढण्यावर भर देतात, पण बाळ बाहेर येताना सोडणंच लागतं. वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारूनच.

आठवडाभर रोज पंधरा मिनिटं केल्यावर आवळणं बंद करा. आता नुसतं श्वास सोडताना तो तो भाग सोडायचा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सैल ओठांतून सहा मोजेपर्यंत बाहेर. मुद्दाम खोल, भराभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. घाबरू नका, वेग कमी करा. श्वास रोखायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक तर या दिवसांत नकोच, शेजारच्या काकूंनी कितीही सांगितलं तरी.

खरी परीक्षा यापुढे. बर्फाचा खडा मुठीत धरा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि तेवढा वेळ चार-सहाचा श्वास चालू ठेवून खांदे, जबडा, दुसरा हात सैल ठेवा. मग दोन-तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा एक मिनिट. असे चार-पाच फेरे. ऐन भरात आलेली कळ साधारण मिनिटभराची असते आणि मधे दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून हा हिशेब. अर्थात बर्फ म्हणजे कळ नव्हे, पण अंग कुठे आखडतं ते लगेच कळतं. हेच नंतर खुर्चीवर उलटं बसून, तिच्या पाठीवर हात टेकून करा. मग स्वयंपाकाच्या ओट्यावर वाकून उभं राहून. कळा काही तुम्ही झोपलेल्या असतानाच येणार नाहीत.

सोबत येणारीलाही शिकवा, मग ती आई असो की वहिनी. "रिलॅक्स हो, रिलॅक्स हो" म्हणणं पूर्ण बंद. त्याने चिडचिडच होते. तिने आवळलेल्या खांद्यावर तळवा ठेवायचा, तुम्ही तिथं सोडायचं. मनगट उचलून बघायला सांगा: सोडल्यावर हात ओल्या टॉवेलसारखा पडला पाहिजे, तुम्हीच अलगद खाली नेलात तर अजून जमलेलं नाही. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत ठेवण्याबाबत केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना आहेत. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खाजगी, तिथे प्रत्यक्षात काय चालतं ते आत्ताच विचारून ठेवा.

याने कळा जात नाहीत आणि सिझर टळेल अशी हमी कुणी देत असेल तर त्याचा क्लास लावू नका. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घ्यावंसं वाटलं तर घ्या, सराव वाया जात नाही. सुई टोचताना हालचाल न करता बसायला तोच कामी येतो.

आणि ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, किंवा कधीही पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा जोराची डोकेदुखी होऊन डोळ्यांपुढे अंधारलं, तर श्वास मोजत घरी बसायचं नाही. गाडी नसेल तर १०८ लावा.